बाईंनी मेट्रोनोम ड्रॉवरमध्ये ठेवला

वॉर्सात येऊन तिसरं वर्ष लागलं तेव्हा मी पियानो शिकायला सुरुवात केली. वय अडतीस. लहानपणी पेटी शिकले होते, थोडं गाणंही, त्यामुळे सूर ओळखू यायचे. पण दोन हातांनी दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी करायची सवय नव्हती. दीड वर्ष स्केल्स, लहान मिन्युएट, बाखचे सोपे तुकडे असं चाललं. मग एका गुरुवारी बाईंनी पोलिश रचनाकार शोपँचा मझुर्का, म्हणजे पोलिश नाचाच्या लयीतली रचना, समोर ठेवला. ओपस 68 (ओपस म्हणजे रचनासंचाचा क्रमांक) मधला तिसरा, एफ मेजर पट्टीतला. दिसायला अगदी सरळ. मी तो घरी आठवडाभर मेट्रोनोम (एकसारखे ठोके देणारं यंत्र) लावून घोटला. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. शेवटी शेवटी एकही सूर चुकत नव्हता.

पुढच्या गुरुवारी मोठ्या उत्साहानं वाजवायला बसले. बाई सत्तरीच्या आहेत, आवाज कधी चढवत नाहीत. पहिली ओळ संपायच्या आत त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "प्रोशे पानी," त्या म्हणाल्या. ('पानी' म्हणजे बाईसाहेब. इथे वयानं कितीही मोठं माणूस असलं तरी ओळख फार जवळची होईपर्यंत समोरच्याला अहो-जाहोच करतं.) "सगळं बरोबर वाजवलंत. पण हा मझुर्का नाही."

त्यांनी पियानोवरचा मेट्रोनोम उचलला, शेजारच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि मला स्टुलावरून उठवलं. खोलीच्या मधोमध दोघी उभ्या राहिलो. पहिलं पाऊल लांब टाकायचं, दुसऱ्याला गुडघा किंचित दुमडून अंग खाली येऊ द्यायचं, तिसऱ्याला टाच. त्या तोंडानं चाल म्हणत होत्या आणि मी त्यांच्यामागून चालत होते. तीन-चार फेऱ्या झाल्यावर लक्षात आलं की दुसऱ्या पावलावर अंग खाली जातं तेव्हा थोडा जास्त वेळ लागतोच. मुद्दाम थांबावं लागत नाही, शरीरच तो वेळ घेतं. हा वेळ कागदावर कुठेही लिहिलेला नव्हता. तिथे एकसारखे तीन ठोके होते.

त्या दिवसापासून मी ज्या गोष्टीचा विचार करते आहे ती इथे लिहून काढते. पाश्चात्त्य अभिजात संगीताबद्दल आपल्याकडे पक्का समज असतो की तिथे सगळं कागदावर असतं. रचनाकार लिहितो, वाजवणारा वाचतो. मीही तसंच धरून चालले होते. पण पोलंड आणि युक्रेन या दोन देशांचं संगीत जसजसं ऐकत, शिकत आणि गात गेले, तसतसं दिसू लागलं की इथली निम्मी विद्या गुरुमुखी आहे. आणि कागदावर जी निम्मी होती, ती पुन्हा पुन्हा जाळली गेली, फेकली गेली, छापायची बंद केली गेली.

मझुर्का हे एका नाचाचं नाव वाटतं, पण त्यात तीन नाच दडलेले आहेत. वॉर्साभोवतीच्या माझोव्शे प्रांतातला मझुर, कुयावी भागातला संथ, डुलणारा कुयाविआक आणि गरगर फिरणारा ओबेरेक. तिन्हींत तीनच मात्रा. फरक एवढाच की वजन पहिल्या मात्रेवर बसत नाही. कधी दुसरीवर, कधी तिसरीवर, आणि एकाच रचनेत ते जागा बदलत राहतं. सम पहिल्या मात्रेवर असते हे आपल्या कानात इतकं मुरलेलं असतं की सुरुवातीला मला सतत पाय घसरल्यासारखं व्हायचं. आता त्या घसरण्याचीच ओढ लागली आहे.

माझ्यासारख्या परक्याचाच इथे गोंधळ उडतो असं मात्र नाही. चार्ल्स हॅले हा पियानोवादक शोपँच्या ओळखीचा. त्यानं आठवणींत लिहून ठेवलंय की शोपँ स्वतःचे मझुर्के वाजवायचा तेव्हा ते तीनऐवजी चार मात्रांचे वाटायचे, इतका तो पहिल्या सुरावर रेंगाळायचा. हॅलेनं तसं म्हणून दाखवलं तर शोपँनं साफ नाकारलं. मग हॅलेनं त्याला वाजवायला लावलं आणि शेजारी उभं राहून मोठ्यानं चार-चार मोजले. मोजणी चपखल बसली. शोपँ हसला आणि म्हणाला, हा आमच्या देशाच्या नाचाचा स्वभाव आहे. दुसरा प्रसंग याच्या अगदी उलट. विल्हेल्म फॉन लेन्झ शोपँकडे शिकत होता, ओपस 33 मधला सी मेजरचा मझुर्का वाजवत होता. तेवढ्यात ऑपेराकार मायरबेअर आत आला, ऐकत बसला आणि म्हणाला, हे तर दोन मात्रांचं आहे. शोपँ सहसा न चिडणारा माणूस; पण तो लाल झाला, स्वतः वाजवायला बसला, पायानं ठेका धरून मोठ्यानं तीन मोजू लागला. मायरबेअरला काही पटलं नाही, आणि दोघं रागातच वेगळे झाले.

एकाला तेच चार ऐकू येतात, दुसऱ्याला दोन, आणि रचनाकाराला तीन. तिघांचेही कान तयार होते. मला वाटतं, शोपँ तीन मोजत नव्हता, तो तीन चालत होता.

हे त्याला कुठून मिळालं? जन्म 1810 चा, झेलाझोवा वोला या खेड्यातला, पण तो काही महिन्यांचा असतानाच कुटुंब वॉर्साला आलं. वाढला तो दिवाणखान्यांत. 1824 आणि 1825 चे उन्हाळे मात्र त्यानं शाफार्निया नावाच्या गावी, शाळेतल्या मित्राच्या घरी काढले. तिथे त्यानं सुगीची गाणी ऐकली, गावातले फिडल ऐकले, आणि घरी पत्रं पाठवण्याऐवजी वर्तमानपत्राच्या थाटात 'कुरियेर शाफार्स्की' लिहून पाठवला. चौदा-पंधरा वर्षांचं पोर. त्या दोन उन्हाळ्यांत कानावर पडलेलं त्याला आयुष्यभर पुरलं असावं.

मला मिळालेल्या त्या एफ मेजर मझुर्क्याच्या मधल्या भागात हे उघड ऐकू येतं. डावा हात दोनच सूर धरून बसतो, सा आणि प, तंबोऱ्यासारखे. गावातल्या मशकबाजाचा हा आधारसूर. वर उजव्या हातात उड्या मारणारी बारीक चाल, आणि तिच्यात मध्यम तीव्र. पहिल्यांदा तो सूर बोटाखाली आला तेव्हा मी थांबलेच. पाश्चात्त्य पुस्तकांत याला लिडियन म्हणतात. माझ्या कानाला तो यमनचा मध्यम वाटला, पण यमनमध्ये तो शांत असतो आणि इथे तो बोचरा आहे, थंडीत उघड्यावर वाजवल्यासारखा. हा भाग जेमतेम काही ओळींचा. मग एफ मेजर परत येतं, जणू कुणी खिडकी लावून घेतली.

2 नोव्हेंबर 1830 ला वीस वर्षांच्या शोपँनं वॉर्सा सोडलं. त्याच महिन्याच्या 29 तारखेला इथे रशियाविरुद्ध उठाव झाला. तो पुन्हा कधी परतला नाही. परदेशात बसून तो मझुर्के लिहीत राहिला, मरणाच्या वर्षापर्यंत. आधीचे धरून सगळे मिळून पन्नासहून जास्त.

त्याचं हृदय इथल्या पवित्र क्रुसाच्या चर्चमधल्या खांबात आहे, हे प्रत्येक पर्यटकाला दाखवतात. मला त्याच्या पियानोची गोष्ट जास्त लागते. 1863 मध्ये नोवी श्वियात रस्त्यावरच्या झामोयस्की वाड्यातून रशियन गव्हर्नरच्या बग्गीवर बॉम्ब टाकला गेला. सूड म्हणून सैनिकांनी वाड्यातल्या घरांमधलं सामान खिडक्यांतून खाली फेकलं आणि पेटवलं. त्यात शोपँच्या बहिणीचं, इझाबेलाचं घर होतं. त्यानं तारुण्यात वाजवलेला पियानो वरून फेकला गेला, आणि त्यानं घरी लिहिलेली पत्रं जळाली. मी त्या रस्त्यानं आठवड्यातून दोनदा जाते. अजूनही खिडक्यांकडे मान वर जाते.

या शहराच्या बाबतीत असं मोजत बसलं तर संपणार नाही. वाझिएन्की बागेतला शोपँचा पुतळा 1926 मध्ये उभा राहिला, 1940 मध्ये जर्मनांनी सुरुंग लावून पाडला, 1958 मध्ये पुन्हा उभा केला. उन्हाळ्यातल्या दर रविवारी तिथे उघड्यावर पियानो वाजतो, दुपारी बारा आणि चार वाजता, आणि लोक गवतावर पथाऱ्या टाकून ऐकतात. युद्धाच्या वर्षांत विटोल्ड लुतोस्वाव्स्की आणि आंद्झेय पानुफ्निक हे दोन तरुण रचनाकार कॅफेंमध्ये दोन पियानोंवर वाजवून पोट भरत होते. दोनशेच्या वर रचना त्यांनी दोन पियानोंसाठी बसवल्या होत्या. 1944 च्या उठावात वॉर्सा जळालं, त्यात त्या गेल्या. 1941 चे पागानिनीच्या चालीवरचे व्हेरिएशन्स तेवढे लुतोस्वाव्स्कीनं शहर सोडताना बरोबर नेले म्हणून वाचले. आज जगभर वाजतात.

मग कागद जळाला तर काय उरतं? याचं एक उत्तर मला ल्विव्हमध्ये मिळालं.

2019 च्या ऑक्टोबरमध्ये मी चार दिवस ल्विव्हला गेले होते. पोलंडच्या सीमेपासून जेमतेम सत्तर किलोमीटरवरचं शहर. पोलिशमध्ये ल्वूफ, ऑस्ट्रियाच्या काळात लेम्बर्ग, युक्रेनियनमध्ये ल्विव्ह. जायच्या आधी बाई म्हणाल्या, "मिकुलींच्या गावाला चाललात." तोवर मी हे नाव ऐकलंही नव्हतं.

कारोल मिकुली हा शोपँचा शिष्य. 1840 च्या दशकात पॅरिसमध्ये तो शोपँकडे शिकला, आणि 1858 पासून ल्विव्हच्या संगीत संस्थेचा प्रमुख होता. तास चालू असताना शोपँ काय म्हणाला, कुठे बोट बदलायला लावलं, कुठे श्वास घे म्हणाला, हे तो टिपून ठेवायचा. दुसऱ्या शिष्यांच्या प्रतींवर शोपँनं पेन्सिलनं केलेल्या खुणाही त्यानं गोळा केल्या आणि त्या आधारानं 1879 मध्ये शोपँच्या रचनांची आवृत्ती काढली. शोपँचा डावा हात म्हणजे वाद्यवृंदाचा संचालक, तो लय धरून ठेवतो आणि उजवा हात मोकळा फिरतो, ही आज प्रत्येक पियानो शिक्षक सांगतो ती गोष्ट मिकुलीनंही नोंदवलेली आहे.

मिकुलीकडे ल्विव्हमध्ये एक लहान मुलगा शिकायला यायचा, राऊल कोचाल्स्की. हा पुढे मोठा वादक झाला, आणि त्याच्या काळात ध्वनिमुद्रण आलेलं होतं. त्यामुळे शोपँ, मिकुली, कोचाल्स्की असे तीनच दुवे, आणि तिसऱ्याचं वाजवणं आपण आज ऐकू शकतो! त्यानं 1938 मध्ये मुद्रित केलेला शोपँचा ओपस 9 मधला दुसरा नॉक्टर्न (रात्रीच्या भावाची संथ पियानोरचना) जरूर ऐका. छापील प्रतीत नसलेल्या हरकती त्यात आहेत, मिकुलीकडून आलेल्या. प्रत्येक आवर्तनाला चाल थोडी वेगळी सजते. मी तो रात्री हेडफोन लावून ऐकला तेव्हा मला घराण्याची आठवण झाली. बंदिश तीच, पण जागा कुणाकडून आल्या हे कळतंच.

ल्विव्हमध्येच मी वासिल बार्विन्स्की या युक्रेनियन रचनाकाराचं नाव ऐकलं. 1888 चा जन्म, प्रागमध्ये शिक्षण, ल्विव्हच्या लिसेन्को संगीत संस्थेचा अनेक वर्षं संचालक. 1948 मध्ये सोव्हिएत राजवटीनं त्याला आणि त्याच्या पत्नीला अटक केली. दहा वर्षं मोर्दोव्हियाच्या छावण्यांत काढावी लागली. इकडे त्याची हस्तलिखितं जाळण्यात आली. सुटून ल्विव्हला परतला तेव्हा वय सत्तर. तो स्वतःला "नोटेशन नसलेला रचनाकार" म्हणायचा. आणि मग त्यानं काय केलं, तर आपल्याच रचना आठवून आठवून पुन्हा लिहायला बसला. 1963 मध्ये वारला, काम अर्धंच राहिलं. काहींच्या प्रती पुढे परदेशात सापडल्या. त्याचे पियानोसाठीचे प्रिल्यूड ऐकताना मला दर वेळी त्या खोलीतला म्हातारा दिसतो. वाद्यापाशी बसून, तीस वर्षांपूर्वी आपल्याच हातानं काय लिहिलं होतं ते बोटांना विचारणारा.

युक्रेनियन संगीतात कान आणि कागद यांचं भांडण फार जुनं आहे. 1876 मध्ये झार दुसरा अलेक्झांडर जर्मनीतल्या एम्स या गावी विश्रांतीला गेला होता. तिथे त्यानं एक हुकूम काढला, त्यानुसार युक्रेनियन भाषेतली छपाई जवळपास बंद झाली, आणि त्यात सुरांखाली छापले जाणारे युक्रेनियन शब्दही आले. म्हणजे चाल छापा, पण शब्द छापू नका. युक्रेनियन रचनाकार मिकोला लिसेन्को तेव्हा चौतिशीत होता. लाइपझिगला शिकून आलेला, गावोगाव फिरून लोकगीतं टिपणारा. कोब्झार म्हणजे कोब्झा किंवा बांदुरा ही तंतुवाद्यं वाजवत 'दुमा' गाणारे गवई, बहुतेक अंध. दुमा हे लांबलचक वीरकथांचं गाणं, आपल्या पोवाड्याच्या नात्यातलं, पण त्याला ठरलेली लय नसते. ओळ जेवढी लांब तेवढी चाल लांब. ओस्ताप वेरेसाय या अंध कोब्झारचं गाणं लिसेन्कोनं ऐकलं, टिपलं आणि 1870 च्या दशकात त्यावर शास्त्रीय निबंध लिहिला. पुढे 'तारास बुल्बा' हा ऑपेरा लिहिण्यात त्यानं दहा वर्षं घालवली. चायकोव्स्कीला तो आवडला होता, मॉस्कोत करू या असं बोलणंही झालं. पण लिसेन्कोला तो युक्रेनियनमध्येच हवा होता. तो हयात असेपर्यंत रंगमंचावर आला नाही. मला हा हट्ट पटतो. शब्द काढून घेतले तर त्या चालींचा श्वासच बदलतो.

1908 मध्ये फिलारेत कोलेस्सा नावाचा ल्विव्हचा अभ्यासक फोनोग्राफ घेऊन पोल्तावा भागात गेला आणि कोब्झारांचे आवाज मेणाच्या नळ्यांवर उतरवले. पैसे दिले लेस्या उक्राइन्का या कवयित्रीनं. ती क्षयानं आजारी होती, उपचारांसाठी देशोदेशी फिरत होती. तशा अवस्थेतल्या माणसानं अंध गवयांचे आवाज जपण्यासाठी पैसे बाजूला काढावेत, ही मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात जवळची गोष्ट वाटते. पुढे तीसच्या दशकात कोब्झारांची परंपरा चिरडली गेली. मेणाच्या नळ्या उरल्या.

आता माझ्या गायनवृंदाबद्दल. मी वॉर्सातल्या एका हौशी कोरसमध्ये ऑल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गाते. दर मंगळवारी संध्याकाळी, शाळेच्या एका हॉलमध्ये. 2022 च्या वसंतात युक्रेनहून आलेल्या तीन बायका आमच्यात आल्या. एक विनित्साची. त्या वर्षी नाताळसाठी 'श्चेद्रिक' घेतलं. मिकोला लेओन्तोविचचं हे गाणं जगभर नाताळातल्या घंटांचं गाणं म्हणून माहीत आहे, कारण 1936 मध्ये अमेरिकेत पीटर विल्हाउस्कीनं त्यावर घंटांचे इंग्रजी शब्द बसवले. आम्हीही तसंच गायला लागलो. टण-टण-टण-टण, प्रत्येक सुरावर जोर.

पहिल्या तालमीनंतर विनित्साची ती म्हणाली, "घंटा नाहीये ती. चिमणीएवढी पाकोळी आहे. चिवचिवते आहे."

मूळ शब्द असे की पाकोळी उडत येते आणि घरधन्याला बोलावते: बाहेर ये, गोठ्यात बघ, मेंढ्यांना कोकरं झाली. कडाक्याच्या थंडीत गायचं हे नववर्षाचं गाणं, आणि त्यात पाकोळी कशी? कारण फार पूर्वी तिथलं नवं वर्ष वसंतात सुरू व्हायचं. पुढे पंचांग बदललं, गाणं तसंच राहिलं.

आणि चाल म्हणाल तर चार आघात, तीन सूर. सा धरलात तर कोमल ग, रे, कोमल ग, सा. बस, एवढंच. लेओन्तोविचनं हे वरच्या आवाजाला दिलं आणि शेवटपर्यंत थांबू दिलं नाही. खालून बाकीचे आवाज एकेक करत येतात, लांब सूर पायरी पायरीनं उतरतात, गर्दी वाढत जाते, पुरुषांचे आवाज उसळतात, आणि मग सगळे निघून जातात. उरते ती पुन्हा एकटी पाकोळी. विनित्साच्या बाईनं आम्हाला पहिले सूर जवळजवळ श्वासावर गायला लावले. ओठ पुढे, 'श्च' मऊ, जोर फक्त पहिल्या सुरावर, तोही बोट लावल्याइतका. दहा मिनिटांत गाणं बदललं. आमचे पोलिश संचालक हातातली काठी खाली ठेवून ऐकत उभे राहिले. प्रतीत एक अक्षरही बदललेलं नव्हतं.

लेओन्तोविच हा विनित्साच्याच बाजूचा, पोदिलिया प्रांतातल्या पाद्र्याचा मुलगा. आयुष्यभर शाळामास्तर. काही वर्षं तो ह्रिशिने रेल्वे स्टेशनवर शिकवायला होता, तिथे त्यानं रेल्वे कामगारांचा गायनवृंद उभा केला. ते ठिकाण म्हणजे आजच्या युद्धात उद्ध्वस्त झालेलं पोक्रोव्स्क. श्चेद्रिकवर तो वर्षानुवर्षं हात फिरवत राहिला. डिसेंबर 1916 मध्ये कीव विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ओलेक्सांद्र कोशित्सच्या संचालनाखाली ते पहिल्यांदा गायलं. 1919 मध्ये स्वतंत्र युक्रेनच्या सरकारनं कोशित्सचा वृंद युरोपात पाठवला, आपला देश आहे हे जगाला गाऊन सांगण्यासाठी. देश दोन वर्षांत गिळला गेला, वृंद गात राहिला. ऑक्टोबर 1922 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये श्चेद्रिक झालं तेव्हा लेओन्तोविच हयात नव्हता. 23 जानेवारी 1921 ला, तो आईवडिलांकडे गेला असताना, रात्रीच्या मुक्कामाला जागा मागून आलेल्या सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या माणसानं पहाटे त्याला गोळी घातली. वय त्रेचाळीस.

तालमीला हे सांगताना विनित्साची बाई रडली वगैरे नाही. तिनं सांगितलं, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "ऑल्टो, तुमचा दुसरा प्रवेश उशिरा येतोय."

पोलंड आणि युक्रेन यांच्यात रेघ ओढायला गेलं की अडचण होते ती कारोल शिमानोव्स्कीपाशी. शोपँनंतरचा सगळ्यात मोठा पोलिश रचनाकार, असं इथे सगळे मानतात, आणि जन्म 1882 चा, तिमोशुव्का या आजच्या युक्रेनमधल्या गावचा. पोलिश जमीनदाराचं घर. व्हायोलिनचा पहिला कॉन्सर्टो, 'रात्रीचं गाणं' ही तिसरी सिंफनी, हे सगळं त्यानं तिथे राहत असताना लिहिलं. क्रांतीच्या धामधुमीत ते घर गेलं. पुढे तो झाकोपानेला, तात्रा डोंगरांच्या पायथ्याशी रमला. तिथल्या डोंगरी लोकांचं, गुरालांचं संगीत त्याच्या कानात शिरलं. ताठ, ओरडून गायलेल्या चाली वरून सुरू होऊन खाली कोसळतात, दोन-तीन फिडल आणि तीन तारांचा एक जाडा बेस, आणि मध्यम, अर्थातच, तीव्र.

गेल्या सप्टेंबरमध्ये मी त्याचं झाकोपानेतलं घर पाहिलं. 1930 ते 1935 तो तिथे भाड्यानं राहिला, आता संग्रहालय आहे. लाकडी घर, उतरतं छप्पर, आणि नाव 'आत्मा'. शब्द संस्कृतच. तात्राच्या पायथ्याशी तो शब्द वाचला आणि दाराशी थोडा वेळ नुसती उभी राहिले. आतल्या खोलीत ओपस 50 चे मझुर्के लावले होते. 1924-25 मध्ये लिहिलेले वीस मझुर्के, त्यांतले पहिले चार पियानोवादक आर्थर रुबिनश्टाइनला अर्पण केलेले. मझुर्का मैदानी मुलखातला नाच, तो शिमानोव्स्कीनं डोंगरी सुरांत नेऊन बसवला. शोपँच्या त्या मधल्या भागातला काही ओळींपुरता आलेला तीव्र मध्यम इथे घरचाच झालेला आहे.

त्याच गावात, थोड्या अंतरावर, युद्धकाळात गेस्टापोचं ठाणं होतं. त्याच्या तळघरातल्या कोठडीच्या भिंतीवर सप्टेंबर 1944 मध्ये अठरा वर्षांच्या एका मुलीनं शब्द कोरले: आई, रडू नकोस. आणि खाली मेरीमातेची प्रार्थना. पोलिश रचनाकार हेन्रिक गुरेत्स्कीनं 1976 च्या तिसऱ्या सिंफनीच्या दुसऱ्या भागासाठी हेच शब्द घेतले. त्यात आक्रोश नाही, सूडाची भाषा नाही, याचं त्याला आश्चर्य वाटलं होतं. 1992 ची ध्वनिमुद्रिका दहा लाखांवर खपली. पण ती ऐकत असाल तर एकदा पहिल्या भागाच्या सुरुवातीचे डबल बेस नीट ऐका, फार खालून, जमिनीतून उगवल्यासारखा येणारा एकेक आवाज. मला त्यापुढे शब्दांची गरजही वाटत नाही.

पेंडेरेत्स्की, बात्सेविच, ल्यातोशिन्स्की, सिल्व्हेस्त्रोव्ह, स्कोरिक या बाकीच्या पोलिश-युक्रेनियन रचनाकारांबद्दल आज लिहीत नाही. एकेकाला स्वतंत्र लेख हवा, सिल्व्हेस्त्रोव्हला तर दोन.

मझुर्का परक्याला येणारच नाही, असं इथे काहीजण अजून मानतात. वॉर्साच्या शोपँ स्पर्धेत 1927 पासून उत्तम मझुर्क्यांसाठी पोलिश रेडिओचं वेगळं पारितोषिक असतं. 1955 मध्ये ते फू त्सोंग या चिनी तरुणाला मिळालं. मी हे बाईंना म्हटलं तर त्या म्हणाल्या, "त्याचा कान होता. पासपोर्टचं काय घेऊन बसलात?"

बाईंच्या कपाटात मझुर्क्यांची एक जुनी प्रत आहे, पानं पिवळी पडलेली. त्यावर तीन रंगांच्या पेन्सिलींच्या खुणा आहेत. निळ्या त्यांच्या गुरूंच्या, काळ्या त्यांच्या विद्यार्थिदशेतल्या, तांबड्या नंतरच्या. मी एकदा त्या पानांचा फोटो काढू का म्हणून विचारलं, तर नको म्हणाल्या. तेव्हापासून दर गुरुवारी त्या जुनी प्रत शेजारी उघडतात आणि त्यातल्या एक-दोनच खुणा स्वतःच्या हातानं माझ्या प्रतीत उतरवतात. ती जागा मी वाजवून दाखवल्याशिवाय नाही. परवा मधल्या भागाच्या दुसऱ्या ओळीत, डाव्या हाताच्या दुसऱ्या ठोक्यावर, त्यांनी निळ्या पेन्सिलनं एक आडवी बारीक रेघ काढली.

"इथे थांबायचं?" मी विचारलं.

"थांबायचं नाही. पाऊल उचललंय, अजून टेकलेलं नाही, एवढंच."

मी वाजवलं. त्या म्हणाल्या, "पुन्हा." पाचव्या वेळेला काही बोलल्या नाहीत, पान उलटलं.